सात नंबर वॉर्डची खिडकी

ही गोष्ट खरी आहे. संध्याकाळची प्रार्थना करूनच लिहायला बसलेय, खोटं लिहिणार नाही. माझी मैत्रीण मेव्हिस हिने चर्चच्या बाकावर, माझा हात घट्ट धरून सांगितलेली.

यॉर्कशरमधल्या आमच्या शहराचं जुनं हॉस्पिटल बंद पडलं आणि तिथे फ्लॅट झाले. मेव्हिस तिथेच नर्स होती. नवरा नॉर्मन हट्टाला पेटला, "घर घेऊ तर तिथेच."

मिळालं ते सात नंबर वॉर्डमधलं.

त्याच वॉर्डमध्ये नॉर्मनची पहिली बायको एनिड वारली होती. शेवटपर्यंत तिचं सगळं मेव्हिसनेच केलं होतं.

माणूस गेलं की नर्सने खिडकी उघडायची, जिवाला वाट मोकळी करून द्यायची, ही तिथली रीत. त्या दिवशी मेव्हिस उठली, तर नॉर्मनने अडवलं.

"राहू दे. गारठेल ती."

खिडकी बंदच राहिली...

आता नॉर्मन दिवसभर त्याच खिडकीपाशी बसू लागला. एकटाच हसायचा.

"कुणाशी रे एवढं गुलूगुलू?"

"म्हातारपणी संशय घेतेस होय गं?"

त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची होती...

मेव्हिसने ठेवलेली नव्हती.

मग काचेवर टकटक सुरू झाली. बाहेरून नाही... आतून.

नॉर्मनच्या उशीला लव्हेंडरचा वास येऊ लागला. लव्हेंडर एनिड लावायची.

नोव्हेंबरातली दुपार. मेव्हिस पाव भाजत होती.

"एनिड, शाल दे गं."

मेव्हिसच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी शाल आणायला गेली, तर खुंटी रिकामी...

शाल नॉर्मनच्या खांद्यावर होती. प्रेमाने, नीट खोचलेली.

"जन्मभर खस्ता खाल्ल्या मी, आणि नाव तिचं?"

रंगाने चिकटलेली खिडकी तिने सगळा जोर लावून उघडली.

"जा बाई, जा एकदाची! माझा नवरा सोड!"

वारा आत यायला हवा होता. पडदा मात्र बाहेर ओढला गेला...

टकटक थांबली. लव्हेंडरचा वासही गेला.

मेव्हिसने धाडकन खिडकी लावली. "गेली! चहा टाकू रे?"

आणि ती वळली.

नॉर्मन हसत बसला होता. एक हात शेजारच्या खुर्चीकडे, कुणाचा तरी हात धरावा तसा...

श्वास नव्हता.

"मी लगेच लावली गं खिडकी," मेव्हिस अजून विचारते, "तो आतच राहिला असेल ना?"

रोज काचेला कान लावून बसते. टकटक यावी म्हणून.

परवा मी तिच्याजवळ होते. आली टकटक...

बाहेरून.

आणि एकट्याची नव्हती.