वळणापर्यंत

मिनीबस सुटता सुटता एक मुलगा धावत आला आणि सेझिमच्या शेजारी धपकन बसला. केसांत गारा अडकलेल्या, हातात कागदात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा.

"खातेस?" त्याने विचारलं.

खातेस! तिच्या छातीत धडधडलं. सतरा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. घरी, शाळेत, साऱ्या गावात ती उलान होती, अपाचा, म्हणजे आईचा, धाकटा मुलगा. महिन्यातून एकदा आईची औषधं आणायला ती बालिक्ची शहरात यायची. तेवढ्या चार तासांपुरता निळा रुमाल डोक्याला बांधायची आणि बाजारात मनासारखी हिंडायची. परतताना गाव यायच्या आत रुमाल खिशात.

"अनोळखी माणसाचं मी खात नाही," ती हळूच म्हणाली.

"मी बेकझात. झाली ओळख. आता खा."

"सेझिम," ती म्हणाली. स्वतःच ठेवलेलं हे नाव तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं.

तो बोलत राहिला, ती हसत राहिली. वडील जनावरांचे डॉक्टर, नुकतीच बदली झालेली... आणि मग त्याने ज्या गावाचं नाव घेतलं, ते तिचंच गाव होतं. तिचा घास हातातच राहिला.

"तू कुठं उतरणार?"

"मी... अलीकडच्या गावात."

ती खरंच एक गाव आधी उतरली. गार वाऱ्यात चार किलोमीटर चालत घरी गेली.

सोमवारी मास्तरांनी नवा मुलगा वर्गात आणला. बेकझातची नजर बाकांवरून फिरत फिरत तिच्यापाशी आली... आणि थांबली. ती बाकावर एकदम ताठ झाली.

"काय रे उलान, भूत पाहिलंस का?" मागून मक्सत ओरडला. सगळे हसले. गेल्या वर्षी एका पोराच्या कानात डूल दिसला, म्हणून या मक्सतने त्याचे दोन दात पाडले होते.

दिवसभर ती वाट पाहत राहिली, आता बोलेल, आता सांगेल. शाळा सुटताच ती तळ्याकाठच्या रस्त्याने जवळजवळ पळतच निघाली.

"थांब... अगं थांब ना!"

"ओरडू नकोस!" ती गर्रकन वळली. "आणि अगं म्हणू नकोस. कुणी ऐकेल."

"मग अरे म्हणू?"

तिचे डोळे भरून आले. "नको."

बेकझात धापा टाकत उभा राहिला.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. पहिल्या तासाला राग आला, वाटलं, फसवलं हिने. दुसऱ्या तासाला वाटलं, मला एवढं का लागतंय? काल सायकलवरून त्या अलीकडच्या गावात गेलो होतो. तुला शोधायला. एका म्हातारीने कुत्रा सोडला अंगावर."

तिला हसू फुटलं, आणि लगेच रडूही. "मी फार घाबरले आहे, बेकझात." घाबरले. आजवर ती घाबरलो म्हणत आली होती.

"मीपण. त्या मक्सतचे प्रताप ऐकलेत मी वर्गात. त्याला कळलं तर माझेही दात जातील."

"मग जा ना तू!"

"कुठं जाऊ? मला इथले रस्ते माहीत नाहीत."

आणि त्याने तिचा हात धरला. बोटं बर्फासारखी गार होती, त्याचीही.

तेवढ्यात मागून गाडीचा आवाज आला. बेकझातने झटकन हात सोडला. दोघं रस्त्याच्या दोन कडांना झाले. मक्सतच्या बापाची जीप हॉर्न वाजवत, चिखल उडवत निघून गेली.

बेकझात मान खाली घालून उभा होता. "सोडला मी," तो पुटपुटला. "भित्रा आहे मी."

सेझिमने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. पॉपलरची झाडं, वारा... बाकी कुणी नाही. ती रस्ता ओलांडून आली आणि तिनेच त्याचा हात धरला.

"वळणापर्यंतच हं," ती म्हणाली.

वळण काही फार लांब नव्हतं. पण दोघं अगदी हळू चालत होते.