हुकमाआधीच

सुताराने कप्तानसाहेबांच्या खोलीला नवं दार बसवलं आणि सवयीने लावून पाहिलं. एवढंच झालं, पण साहेबांच्या लेकीच्या काळजात धस्स झालं. त्या घरात कुठलंच दार पूर्ण लावत नसत. न्हाणीघराचंसुद्धा नाही, पाहुण्यांनी आत जाताना मोठ्याने गाणं म्हणावं, असा घरातला विनोद होता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे. तरुणपणी बाबांच्या युद्धनौकेला भगदाड पडलं आणि तळाच्या इंजिनघरात समुद्र घुसला. इंजिनघरावरची लोखंडी झडप लावायचा हुकूम बाबांनी दिला. जहाज वाचलं, खालची पोरं खालीच राहिली. बाबांच्या छातीवर पदक लागलं आणि आतून माणूस खचला तो कायमचा.

"उघडा ते!" बाबा ओरडतच आले.

सुतार कडीला हात घालणार, तोच आतून आवाज आला. ठण्... ठण्... दार लाकडाचं, नाद लोखंडाचा. आत तर चिटपाखरू नव्हतं. फटीतून जळक्या तेलाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास आला. समुद्र तिथून कितीतरी लांब होता. सुतार भिंतीला चिकटला.

बाबांनी दाराला कान लावला. "कोण... कोण आहे?"

"इंजिनघर, साहेब." खोल पाण्यातून यावा तसा आवाज. "एक सांगायचं राहिलं होतं... झडप आम्हीच आतून लावली. तुमच्या हुकमाची वाट नाही पाहिली... माफी असावी."

"मग... इतकी वर्षं गप्प का होतात रे?"

"दार कधी लावलंतच नाही, साहेब. वाजवायचं कशावर?"

बाबांनी दाराला कपाळ टेकलं. "शिस्त मोडलीत, गाढवांनो..." म्हणाले आणि ओक्साबोक्शी रडले. रडता रडता हसलेही. लेकीची भीती कुठल्या कुठे पळाली. बाबांना असं हसताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

सुताराने देवाचं नाव घेत दार उघडलं. आत नुसती खाट.

"लावून टाक," बाबा डोळे पुसत म्हणाले. "घट्ट लाव."

संध्याकाळी बाबा अंगणात सुताराशी गप्पा छाटत बसले होते. लेक त्यांच्यासाठी चहा घेऊन त्या बंद दारावरून निघाली.

"ताई..." आतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आम्हालाही चालेल."