टेपचं टोक

जेवणं उरकली, दिवे गेले आणि भाच्यांनी मामांना घेरलं. "गोष्ट नाही, घडलेलं सांगतो," मामा म्हणाले. "माझ्या धाकट्या साडूचं. पटलं तर घ्या, नाहीतर झोपा."

साडू घराघरांत हवा खेळवायची यंत्रणा बसवायचा. एक पंखा, त्यातून खोल्यांकडे जाणारे पत्र्याचे डक्ट आणि डक्टला गुंडाळायची चंदेरी कागदाची जाड गादी. काम नीट झालं नाही तर थंडीत डक्टला घाम फुटतो आणि छतातून पाणी ठिबकतं. दोन घरांत ठिबकलंच होतं. मालकाने सुनावलं होतं, "तिसरी तक्रार आली, की घरी बसायचं."

हे तिसरं घर. डिसेंबरचा दुसरा गुरुवार, रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. घरात चिटपाखरू नाही. घरधनी इस्पितळात आईजवळ, सकाळी तिला घेऊन येणार. छत बंद करायला सुतारही सकाळी नऊला हजर होणार. माळ्यावर एकच सांधा उरला होता, तोही नेमका म्हातारीच्या पलंगाच्या बरोबर वर.

साडू पोटावर सरपटत तिथवर गेला. आणि टेपचं टोक सापडेना. रोजचंच रडगाणं. रीळ फिरव, नखाने ओरखड, टोकाच्या सात पिढ्या उद्धार. त्याचा उस्ताद दर वेळी टोक दुमडून ठेवायचा, छोटासा त्रिकोण करून. "जावईबापू, टोक दुमडायला जादा पगार देऊ का?" असं टोचायचा. दुसरं पालुपद, "आधी सांधा बुजव, मग गादी घाल."

उस्तादाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

सांधा बुजवायचा म्हणजे लेप लावा, टेप मारा, अर्धा तास मोडा. गादीखाली कोण डोकावतंय? साडूने उघड्या सांध्यावरच गादी गुंडाळली, वरून टेप मारली आणि मागे सरकला.

चर्रर्र.

टेप सुटली. गादी लोंबायला लागली.

"मामा, टेपच जुनी असेल," धाकटी भाची म्हणाली.

"असेल. त्याने दुसरं रीळ काढलं."

पुन्हा नख, पुन्हा ओरखडे. गुंडाळली. चर्रर्र. धूळ पुसली, तळहाताने दाबून धरली, शंभरपर्यंत आकडे मोजले. हात काढला. चर्रर्र. घाम डोळ्यांत, तुसं मानेत, गुडघे सोललेले. साडूचं डोकं फिरलं. त्याने रीळ आपटलं.

"काय हवंय तरी काय तुला?" तो डक्टवर ओरडला.

सांध्यातून हवा आली. मनगटावर. कोमट.

पंख्याची वायर अजून जोडलेलीच नव्हती.

हवा थांबली. मग पुन्हा आली. थांबली. पुन्हा आली... कुणी श्वास घ्यावा तशी.

आणि आतून... टक. टक. टक.

बोटाच्या पेरांनी. उस्ताद काम तपासताना वाजवायचा, तसंच. डक्ट वीतभर रुंद. त्यात माणूस...

साडूची बोबडी वळली.

"...उस्ताद?"

...

टक.

त्याने गादी सोडवली. लेप लावला. टेप मारली. मग गादी. मग वरची टेप.

थांबला.

काही नाही.

हत्यारं, पिशवी, सगळं तिथेच टाकून तो खाली उतरला.

सकाळी सुतार शिडीशी खोळंबलेला, म्हणून साडूला वर जावंच लागलं. सांधा पक्का होता. त्या घरातून आजवर तक्रार नाही. पण शेजारी रीळं पडली होती, आणि त्यांची टोकं दुमडलेली होती. छोटे छोटे त्रिकोण.

"घाबरून त्यानेच दुमडली असतील," भाची म्हणाली. आवाज जरा बारीक झाला होता.

"असतील," मामा म्हणाले. "मीही त्याला तेच म्हटलं. तेव्हा त्याने पिशवीतलं तिसरं रीळ माझ्या हातात दिलं. कोरं. कारखान्याच्या प्लास्टिकमध्ये सीलबंद. कुठे चीर नाही, भोक नाही."



"मग?"

"आत... त्याचंही टोक दुमडलेलं होतं."