सातवं नाव

लताबाईचा धम्मपाल तुम्हाला ठाऊक आहे. नाशिक रोडला राहतो, डायलिसिसच्या मशीनवर काम करतो, कामापुरतं बोलतो. त्याच्या तोंडून आलं तसं सांगते, पदरचं मीठसुद्धा घालत नाही.

गेल्या नोव्हेंबरची वीस तारीख, गुरुवार. अमावास्या दुपारीच सुटली होती, पण आभाळाला ते कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची पाळी आटोपून धम्मपाल आठ वाजता मोटरसायकलवर पिंपळगाव बसवंतला निघाला. काम साधं होतं. पुंजा अण्णाच्या हातात एक पाकीट द्यायचं आणि माघारी यायचं.

पाकिटात काय होतं ते ऐका. अण्णाचा धाकटा भाऊ रंगनाथ तीन वर्षं आठवड्यातून दोनदा धम्मपालच्या मशीनवर येऊन पडायचा. दोन्ही किडन्या गेलेल्या. ना साखर, ना दारू. का गेल्या, कुणाला सांगता येईना. लहानपणापासून त्याच्या हातापायांची आग व्हायची. वैशाखातही घाम म्हणून यायचा नाही. बागेत द्राक्षाच्या दोन ओळी उरकल्या की ठिबकच्या नळीखाली पाय धरून बसायचा. घरचे म्हणायचे, कामचुकार. सोयरेही तेच म्हणायला लागले. त्या एका शब्दाखाली माणूस अठ्ठेचाळीस वर्षं जगला.

मग दवाखान्यात एक तपासणी आली. मशीनवरच्या प्रत्येकाच्या बोटाला टोचायचं, रक्ताचे थेंब जाड कागदावर वाळवायचे आणि लांबच्या लॅबला धाडायचे. कित्येक हजारांत एखाद्याला होणारा आजार शोधत होते, फॅब्री म्हणतात त्याला. बाकी सगळे सुटले. रंगनाथच्या कागदावर मात्र तो आजार आला. हातापायांची आग, न येणारा घाम, गेलेल्या किडन्या, सगळं त्याचंच. पण तो कागद आला तेव्हा रंगनाथला जाऊन नऊ दिवस झाले होते. आपण कामचुकार नव्हतो, हे त्याला मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आजार रक्तातून उतरणारा. डॉक्टरीणबाईंनी धम्मपालला बजावलं होतं, "रंगनाथला तो आईकडून आलाय, म्हणून भावांना तपासा. बापाकडून मुलाला तो जात नाही, मुलीला मात्र जातोच जातो. तिच्या पोरांनाही होऊ शकतो. घरातलं एक नाव सोडू नकोस."

नावं लिहायला धम्मपाल त्याआधी एकदा पिंपळगावला गेला होता, तेव्हा अण्णानं तलाठ्यापुढं वंशावळ सांगावी तशी सांगितली. स्वतः, मधला भाऊ, दोघांची मिळून चार पोरं. सहा नावं, सहाही पुरुषांची.

"आणि रंगनाथभाऊंची मुलगी?"

"पूजा? ती दिली. दिलेली पोरगी वंशात धरत नाय, डॉक्टर."

"अण्णा, पण हा आजार मुलीलाच..."

"तिच्या सासरी दवाखान्याचं पत्र गेलं, तर दुसऱ्या दिवशी पोरगी माझ्या दारात. मग कोण सांभाळणार, तुमी? लिवू नका."

आणि धम्मपालनं लिहिलं नाही. अण्णाला शिव्या द्यायच्या तेवढ्या द्या, पण पेन याच्या हातात होता.

सहाही जणांचे रिपोर्ट चांगले आले. तेच त्या पाकिटात. अण्णाला ते रातोरात हवे होते, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीला, वेदिकाला, बघायला पाहुणे यायचे होते. घराणं निरोगी असल्याचा कागदच त्यांच्यापुढं ठेवायचा होता.

ओट्यावर दिव्याखाली अण्णानं सगळे कागद उलटून पाहिले. "बघा. आमच्या घराण्यात काय नाय."

आतल्या खाटेवरून म्हातारी बोलली. कुसाबाई, रंगनाथची आई. "घराण्याचं कशाला सांगतो? माझा भाऊ असाच पाय आपटीत मेला. माझ्याकडून रंगाला आलं."

"आई, झोप."

"झोपते. पोरीचं नाव लिवलं का त्यानं?"

अण्णा कागदाच्या घड्या घालत राहिला. धम्मपालनं चहाचा कप खाली ठेवला आणि खिशातला नावांचा फॉर्म काढला.

"अण्णा, उद्या हा फॉर्म लॅबला जातो. मग तो बंद, नवं नाव घालता येत नाही."

"मग करा बंद. चहा गार होतोय."

तो निघाला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. हायवेवर कांद्याचे टेम्पो एकामागं एक, म्हणून त्यानं सर्व्हिस रोड धरला. थंडी अशी की हँडलवरची बोटं वाकेनात. कोकणगाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना बागा, माणूस नाही, कुत्रं नाही.

पाठ गरम झाली.

आधी त्याला बरं वाटलं. मग वाटलं, छातीवर बर्फ आणि पाठीवर तवा, हे कसं? इंजिन तर खाली आहे.

मग गाडी मागून दबली. डबलसीट घेतल्यावर दबते तशी.

तो कुठं थांबला नव्हता. कुणाला बसवलं नव्हतं.

कमरेला हात आला. डावा हात. आणि त्या हातात थरथर.

डायलिसिसच्या माणसाच्या हातात रक्ताच्या दोन नसा जोडून ठेवतात. वर बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तसं लागतं. रोज त्यावर बोट ठेवणाऱ्याला डोळे मिटूनही माणूस ओळखू येतो. ही थरथर धम्मपालनं तीन वर्षं तपासली होती.

मेलेल्या माणसाची नस थरथरत नाही...

ही थरथरत होती.

"माझं नाव लिवलं."

आवाज कानाशी. कोरडा. जिवंतपणी तो धम्मपालभाऊ म्हणायचा. आज भाऊ नाही.

"तिचं?"

धम्मपालनं गाडीचा वेग वाढवला.

"तिचं का नाय?"

"अण्णा म्हणाले..."

कमरेवरचा हात आवळला. शर्टातून चटका बसला. नुसती गाडी. नुसती ती गुरगुर...

"उजवीकडं."

कच्चा रस्ता. तो वळला.

"थांब."

पुढं वस्ती होती. एका घरापुढं बल्ब, बल्बाखाली सिमेंटची टाकी, आणि टाकीच्या कडेवर सात-आठ वर्षांचं पोर. गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात. असल्या थंडीत. शेजारी त्याची आई टॉवेल घेऊन उभी.

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "राहू दे तिथंच. उद्या शाळा बुडवायची म्हणून नाटकं चाललीत त्याची."

गाडी हलकी झाली. धम्मपालनं वळून पाहिलं. मागं सीट होती, आणि अंधार.

बाई दोन पावलं पुढं आली. "कोण? ... धम्मपालभाऊ? बाबांच्या मशीनवरचे?"

ती पूजा होती. रंगनाथची लेक.

धम्मपालनं टाकीपाशी जाऊन पोराला विचारलं, "काय होतं रे?"

"आग होती पायाची." रुद्रनं वर पाहिलंसुद्धा नाही. "सांगून उपयोग नाय. सगळे हसत्यात."

"घाम येतो का याला, पूजाताई?"

"कधीच नाय. सर उन्हात उभा करतात, तर तापानं फणफणून येतो घरी. बाबांचं पण असंच..." ती थांबली. "बाबांना काय झालं होतं?"

मग त्यानं सांगितलं, सगळंच. सहा नावं, बंद व्हायचा फॉर्म, अण्णा, स्वतःचा पेन. संपल्यावर पूजा म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. आणि माझं पोर रोज मार खात होतं."



सासरा बाहेर आला. "कोण हाय? काय आजाराचं बोलतोय? माहेरचं झेंगट आमच्या पोराला लावू नका."

"तात्या, तुम्ही आत जा," पूजा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सकाळी मी याला घेऊन नाशिकला चालले. माघारी घरात घ्यायचं तर घ्या, नाय तर नका घेऊ. भाऊ, काढा तो कागद. माझ्यासमोर लिवा."

पेट्रोलच्या टाकीवर कागद ठेवून धम्मपालनं लिहिलं. सातवं पूजा, आठवं रुद्र. घड्याळात साडेअकरा झाले होते.

दोघांच्या रक्तात आजार निघाला. पूजाच्या किडन्या अजून धड आहेत, पोराच्याही. वेळेत कळलं. औषध फार महाग, त्याच्या सरकारी कागदांसाठी पूजा आणि धम्मपाल अजून खेटे घालताहेत. शाळेतल्या मास्तराला पूजानं सगळ्या वर्गापुढं असं झाडलं की रुद्रला आता कुणी उन्हात उभं करत नाही. वेदिकाचं जमलं. साखरपुड्याला अण्णानं पूजाला बोलावलं नाही. कुसाबाई त्या दिवशी जेवली नाही.

त्या रात्रीनंतरच्या रविवारी धम्मपाल गाडी धुवायला बसला. मागं बसणाऱ्यानं पाय टेकायचे असतात ना, त्या दोन दांड्यांवरचं रबर वितळलं होतं. वितळून पुन्हा घट्ट झालं होतं, आणि त्यात अनवाणी पायाचा ठसा होता. दोन्हीकडं.

नवनाथ मेकॅनिकनं वाकून बघितलं. "सायलेन्सरनं तापलं असंल."

"सायलेन्सर उजवीकडं आहे," धम्मपाल म्हणाला.

नवनाथनं डावीकडच्या रबराला बोट लावलं आणि पटकन मागं घेतलं.

ते अजून गरम होतं.