बुडख्यासाठी दिलेलं नाव

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्याच घरात घडलंय.

गेल्या वर्षीचा एक शनिवार. संध्याकाळचे साडेपाच.

आम्हा दोघा भावांचं घर एकच, मध्ये भिंत. मागचं अंगण सामाईक. तिथे एका जुन्या झाडाचा बुडखा होता. दादाला त्या जागी खोली वाढवायची होती.

"खर्च सगळा माझा. तू फक्त हो म्हण."

मी हो म्हणालो. दादाच्या शब्दाबाहेर कधी गेलोच नव्हतो.

कामावरून आलो तेव्हा बुडख्याच्या जागी हा मोठा खड्डा. झाडं तोडणारा म्हातारा घाईघाईने कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळत होता. माझ्याकडे बघेना.

घरात शिरलो... आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

शांतता.

माझी सहा वर्षांची लेक, जिला सगळे 'टकळी' म्हणायचे, समोर उभी होती. तोंड उघडत होती, मिटत होती.

आवाजच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "घसा ठणठणीत आहे."

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी मागे गेलो. आणि खड्ड्यातून...

"बाबा..."

वळून पाहिलं. लेक खिडकीत बसली होती. ओठ घट्ट मिटलेले.

मी त्या म्हाताऱ्याचं घर शोधून काढलं. तो मान खाली घालून म्हणाला, "तसला बुडखा फुकट निघत नाही, साहेब. घरातल्या एकाचं नाव घेऊन पहिला घाव घालावा लागतो. तुमच्या भावाला दोनदा विचारलं मी. त्यांनी तुमच्या पोरीचं नाव दिलं."

ज्याचं बोट धरून चालायला शिकलो, त्यानेच केसाने गळा कापला.

दादाला गाठलं. त्याने नाकारलंही नाही.

"मग काय माझ्या पोरांचं नाव देऊ?"

दुसऱ्याच दिवशी, मी कामावर असताना, खड्ड्यावर काँक्रीट पडलं. वर खोली उभी राहिली.

परवा दादा दारात आला. डोळे तारवटलेले.

"तिला गप्प बसायला सांग ना रे... फरशीखालून सारखी हाका मारते."

लेक माझ्या मांडीवर होती. त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"फरशी फोड," मी म्हणालो.

तो पाठ फिरवून निघून गेला.

मधल्या भिंतीला कान लावला की मलाही तिच्या हाका ऐकू यायच्या. तेवढाच आधार होता.

लेक अजून मुकीच आहे. आणि आज सकाळपासून...

काहीच ऐकू येत नाहीये.