स्रोत एक

आधीच सांगते, हे रचलेलं नाही.

रचायचंच असतं तर मी मध्यरात्र घेतली असती, वारा घेतला असता, लांब कुठेतरी एखादं कुत्रं रडवलं असतं. हे घडलं भर दुपारी. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली, आमच्या ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या केबिनमध्ये. आजूबाजूला वीस माणसं कीबोर्ड बडवत होती.

माझा स्वभाव संशयी आहे, हेही सांगून टाकते. नवरा म्हणतो, घरात दूध नासलं तरी ही आधी चौकशी समिती नेमते. असू दे. त्या दुपारी मात्र मला संशय यायला थोडा उशीरच झाला.

मी एका मोबाइल कंपनीत काम करते. आमचं नेटवर्क क्लाउडवर चालतं. क्लाउड म्हटलं की लोक वर बघतात. वर काही नसतं. शहरभर पसरलेल्या कोंदट खोल्या असतात आणि त्यांत मशिनं असतात. एकेका मशीनला आम्ही नोड म्हणतो. या सगळ्या नोडची घड्याळं जुळलेली लागतात. केसभर फरक पडला तरी लोकांचे फोन बोलता बोलता तुटतात. म्हणून प्रत्येक नोड मुख्य घड्याळाचं ऐकून आपली वेळ लावतो. ज्याचं ऐकायचं, तो त्याचा स्रोत.

तेव्हा माझ्याकडे नोटिफिकेशन लावायचं काम होतं. घड्याळ जुळलं की मला मेसेज. स्रोत हरवून नोड नुसत्या आठवणीवर वेळ काढायला लागला की मेसेज. घड्याळ पार भरकटलं की मेसेज. सोबत कारणाची एक ओळ.

कालव्याजवळच्या खोलीतून पहिल्याच दिवशी मेसेज आला.

‘घड्याळ भरकटलं. कारण: एकाच ओळखीचे दोन स्रोत.’

म्हणजे मुख्य घड्याळाचं नाव लावून आणखी कोणीतरी त्या नोडला वेळ सांगत होतं. नोड बिचारा काय करणार? दोघंही म्हणतात, मीच तो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दुपारीच.

आणि दुपारी त्या खोलीत एकच माणूस जायचा. माझा धाकटा भाऊ.

त्याला घरात सगळे बारक्या म्हणतात. एसीचे फिल्टर पुसायचे, बॅटऱ्या बघायच्या, वायरी नीट बांधायच्या, एवढंच त्याचं काम. ही नोकरी मीच साहेबांकडे शब्द टाकून त्याला लावून दिली होती. अजून कायम झाला नव्हता. आणि बारक्या म्हणजे एक नंबरचा थापाड्या. लहानपणी सायकल चोरीला गेली म्हणून आठवडाभर ढसाढसा रडला. आईनं त्याला जवळ घेऊन जेवू घातलं. सायकल त्यानंच विकली होती.

साहेबांनी मला बोलावून घेतलं.

“तुझा भाऊ स्वतःचं काहीतरी डबडं मशीनला जोडतोय,” ते म्हणाले. “फुकटच्या इंटरनेटसाठी असणार. शुक्रवारी त्याला घरी पाठवतोय. तुला वाईट वाटेल, पण माझा इलाज नाही.”

याआधी त्याच्या चार नोकऱ्या गेल्या होत्या. प्रत्येक वेळी आई दोन-दोन दिवस जेवली नव्हती. ही गेली असती तर तिनं अंथरूणच धरलं असतं.

संध्याकाळी आईच्या घरी जाऊन मी त्याला ओट्यापाशी गाठलं.

“खरं सांग, काय जोडतोस?”

“काही नाही गं, तायडे. शप्पथ.” मी त्याची मोठी बहीण, पण तो मला कधी सरळ ताई म्हणायचा नाही. “उलट मीच तुला विचारणार होतो. मी जायच्या आधी तिथे कोण येऊन जातं?”

“का?”

“फिल्टर पुसलेले असतात. वायरी बांधलेल्या असतात. आणि तायडे...”

“काय?”

“गाठ माझीच असते. डावीकडून मारलेली. तशी दुसरं कोणी मारत नाही.”

मला हसूच आलं. काम न करायची कारणं मी त्याच्याकडून पुष्कळ ऐकली होती, पण काम आपोआप होतं ही थाप नवीन होती.

तो हसला नाही. भांडी पुसत राहिला. बारक्या भांडी पुसतोय, यावरूनच मला काहीतरी कळायला हवं होतं.

मग मी एक उपाय काढला. त्याला म्हटलं, “उद्या खोलीकडे फिरकू नकोस. दुपारी माझ्या ऑफिसात येऊन समोर बस. तू समोर असताना मेसेज आला, की साहेबांना दाखवते. तू सुटलास.”

“आणि नाही आला तर?”

“तर तूच चोर.”

तो बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. उलट थोडा आधीच आला.

इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. समोरच्या खुर्चीत बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर.

“आलो, ताई.”

नोकरी वाचवायला आलाय, म्हणून शहाण्यासारखा वागतोय, असं मला वाटलं. फोन कुठे म्हणून विचारलं, तर घरी राहिला म्हणाला. मी चहा मागवला. तो शांतपणे चहा प्यायला. कपात साय तरंगत होती...

तो सायीसकट प्यायला.

बारक्याला साय नुसती दिसली तरी उमासे येतात. मी बघत राहिले. मनात पाल चुकचुकली, पण तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन थरथरला.

‘घड्याळ भरकटलं. कारण: एकाच ओळखीचे दोन स्रोत.’

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. “सुटलास बाबा,” मी म्हणाले. “आईला आज पोटभर जेवण जाईल.”

तो नुसता हसला. मी साहेबांना तो मेसेज पुढे पाठवला आणि निरोप धाडला, लगेच या म्हणून.

फोन पुन्हा थरथरला...

बारक्याच्या नंबरवरून फोटो आला होता.

फोटोत बारक्या होता. चुरगळलेला शर्ट, केस विस्कटलेले. मागे कालव्याजवळच्या खोलीतलं मशीन. खाली लिहिलं होतं, ‘सॉरी तायडे. ऑफिसला नाही आलो. दबा धरून बसलोय. आज त्याला पकडतोच.’

मी मान वर केली.

तो समोर बसला होता. हात गुडघ्यांवर.

“कोणाचा मेसेज, ताई?”

“बँकेचा,” मी म्हणाले.

आवाज माझा मलाच परका वाटला. मी उठले, बाहेर पॅसेजमध्ये गेले, दार लावून घेतलं आणि बारक्याला फोन लावला. केबिनच्या काचेतून तो मला दिसत होता. मान वळवून माझ्याकडेच बघत होता.

फोन उचलला गेला. पलीकडे एसीची घरघर.

“तायडे?” अगदी दबक्या आवाजात. “आता दोन दाखवतंय ना?”

“हो. बारक्या, तू कुठे आहेस?”

“खोलीत. पण इथे मी एकटाच आहे गं. कोणीच आलेलं नाही. मग दुसरा कुठे आहे?”

मी काचेतून समोरच्या खुर्चीकडे बघितलं.

“बाहेर पड,” मी कशीबशी म्हणाले. “आहेस तसा बाहेर पड.”

“दार...” तो म्हणाला.

त्याच वेळी माझ्या बाजूनं साहेब आले. थेट केबिनमध्ये शिरले. मी हात पुढे केला, पण काय म्हणून अडवणार? समोर बसलेला उठून उभा राहिला. साहेबांनी आपल्या फोनवर मेसेज बघितला, त्याच्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

“माफ कर,” ते म्हणाले. काचेतून मला ऐकू येत होतं. “मी भलत्याच माणसावर संशय घेतला. पहिल्या तारखेपासून तू कायम.”

त्यानं साहेबांचा हात हातात घेतला.

माझ्या कानाशी एसीची घरघर थांबली...

फोन कट झाला आणि स्क्रीनवर मेसेज आला.

‘घड्याळ जुळलं. स्रोत: एक.’

मी गाडी घेऊन तडक कालव्याजवळ गेले. खोलीला बाहेरून कुलूप होतं. माझ्या किल्लीनं उघडलं. आत कोणी नव्हतं. फिल्टर पुसलेले होते, वायरी नीट बांधलेल्या होत्या. मी नाव घेऊन हाका मारल्या. एवढीशी खोली, हाक मारायची गरजच नव्हती, तरी मारल्या.

मग आईकडे गेले. तो तिथे होता, पाटावर बसून जेवत होता. त्याचा फोन चार्जरला लावलेला. आई म्हणाली, सकाळपासून तिथेच आहे तो फोन, घरीच विसरून गेला होता. त्या फोनमध्ये फोटो नव्हता. माझा कॉलही नव्हता.

माझ्या फोनमध्ये दोन्ही आहेत. अजूनही आहेत.

तेव्हापासून बारक्या सुधारला आहे. वेळेवर उठतो. पगार आईच्या हातात देतो. एकही थाप मारत नाही. आई सुखात आहे, तिच्या अंगावर मूठभर मांस चढलंय. एकदा तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, “तो नीट वागतोय, तर तूच का त्याच्याशी तुटक वागतेस? तुला त्याचं चांगलं झालेलं बघवत नाही का?”

मी काय सांगू तिला? फोटो दाखवू? त्याची नोकरी जाईल, ते एक वेळ परवडलं. पण आई समोरच्याकडे बघेल, मग फोटोकडे बघेल आणि मला विचारेल, मग माझा कुठला?

कधी वाटतं, मला वेड लागलंय. कधी वाटतं, फोटोतलाच खोटा असेल. पण तायडे म्हणणारा फोटोतलाच होता.

गेल्या आठवड्यात साहेब माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “त्या कालव्याजवळच्या नोडचं नोटिफिकेशन काढून टाक. इतके महिने झाले, एकही मेसेज नाही. घड्याळ चोख चाललंय.”

मी हो म्हणाले.

काढलेलं नाही. दुपार झाली की मी फोन उलटा ठेवत नाही, मीटिंग घेत नाही, जेवायलाही उठत नाही. ते घड्याळ एकदा भरकटू दे. एकदा मेसेज येऊ दे की तिथे दोन आहेत. मग तो मला हव्या तेवढ्या थापा मारू दे, मी सगळ्या खऱ्या मानीन.