मधली पाच वर्षं

शनिवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. कोल्हारच्या वाचनालयात एस्तेरनं एक जाड कादंबरी टेबलावर आपटली. शिक्क्याचं पॅड उडालं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर जांभळा डाग पडला.

"माझी काय चूक?" तो म्हणाला.

"तुमची नाही, ह्या पुस्तकाची." तिनं मान वर केली... आणि तिचा आवाज बदलला. "नाही, तुमचीही आहे."

तो गिदोन होता. सुप्याच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. आता कुठे सुट्टीला गावी येऊ लागला होता. एस्तेर गावच्या शाळेत शिकवायची, शनिवारी वाचनालय सांभाळायची आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायची. चार वर्षांपूर्वी त्या रविवारीही ती पेटीवरच होती.

इथल्या ख्रिस्ती मंडळीत लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार पाळक मुलामुलीची नावं वाचतात आणि विचारतात, कुणाची हरकत आहे का? कुणाचीच नसते. पाळक चार श्वास थांबतात, मग गीत सुरू होतं. त्या तिसऱ्या रविवारी गिदोन आणि ग्रेस ही नावं वाचली गेली, आणि चार श्वास संपायच्या आत नवरदेव स्वतःच उभा राहिला. "माझी हरकत हाय," एवढं बोलून बाहेर पडला. ग्रेस पहिल्या बाकावर बसली होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

पुढे गावानं सगळे प्रश्न ग्रेसला विचारले. गिदोन सुप्याला निघून गेला होता. "पोरीतच काहीतरी असंल," हे वाक्य एस्तेरनं तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. वर्षाच्या आत ग्रेस आणि तिची आई साळूबाई गाव सोडून संगमनेरला गेल्या. ग्रेस आणि एस्तेर शाळेत एका बाकावर बसायच्या.

"पुस्तकानं काय केलं?" गिदोननं विचारलं. रुमालानं तो डाग आणखी पसरवत होता.

"अडीचशे पानं नवरा बायकोला छळतो. ती मरते. पुढचं प्रकरण उघडावं तर पहिलीच ओळ, 'पाच वर्षं लोटली.' आणि हा एकदम साधू! बदलला म्हणे. कधी बदलला? कुठल्या पानावर? ती पाच वर्षंच तर लिहायची होती!"

"कंटाळवानी असतील."

"तिचं मरण मात्र चाळीस पानं रंगवलंय! सगळ्या थोर कादंबऱ्या अशाच. बाई खर्ची पडते आणि बुवा शहाणा होतो. वर पाठीमागे छापायचं, मानवी जीवनाचं सखोल दर्शन. कुठल्या मानवाच्या?"

गिदोननं रुमाल खिशात ठेवला. "ते पुस्तक मला द्या."

"न्या. शेवट तुमच्या सोयीचा आहे."

पुढच्या शनिवारी तो परत आला. शर्ट तोच, डागासकट. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. खिडकीतून चिपाडांचा गोड वास आत येत होता.

"वाचलं, टीचर."

"मी तुमची टीचर नाही."

"मग ताई म्हनू?"

"म्हणा. म्हणजे सगळा प्रश्नच मिटला."

तो हसला, आणि हसल्याचं लक्षात येताच खाली बघू लागला. "टीचरच बरं. त्यो नवरा खोटा हाय, तुमचं खरं हाय. पन मानूस बदलतच न्हाई असं नका म्हनू. त्या ओळीत मी ऱ्हातो."

"कुठल्या?"

"'पाच वर्षं लोटली.' माझी चार झाली. लोटत काय न्हाईत... ढकलावी लागतात."

एस्तेरनं शिक्का हातात धरूनच ठेवला. "मग सांगा. एकेक वर्ष. एका शनिवारी एक."

पहिलं वर्ष: सुप्याला त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की मुलगीच वाईट होती. एस्तेरनं हे ऐकलं आणि त्यानं निवडलेलं पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं. "आज पुस्तक मिळणार नाही." तो तसाच गेला. ती आठवडाभर धुमसत होती, आणि शनिवारी चार वाजता दाराकडे बघत होती. या दुसऱ्या गोष्टीचा तिला जास्त राग आला.

दुसरं वर्ष: माफी मागायला संगमनेरला गेला, स्टँडवर भेळ खाल्ली, त्याच गाडीनं परत आला.

"भेळ?"

"भूक लागल्ती."

ती हसली नाही. हसू दाबताना पुस्तकावर शिक्का मात्र उलटा पडला.

तिसरं वर्ष: ग्रेसच्या गल्लीपर्यंत पोचला. ती भाजीची पिशवी घेऊन येताना दिसली, तर एका टेम्पोआड लपला.

चौथं वर्ष, म्हणजे गेल्या दिवाळीआधी: दार वाजवलं. साळूबाईंनी उघडलं. "आलास व्हय? लई लवकर आलास! च्या न्हाई मिळनार." ग्रेस बाहेर आली. तिनं एकच विचारलं, मला आधी एकटीला का सांगितलं नाहीस?

"काय सांगितलंत?" एस्तेरचा आवाज कडक होता.

"लग्न बापानं ठरवल्तं, मला करायचं नव्हतं. भ्यालो हुतो. बापाला, तिला. चारचौघांत बोललो की कुनी समजूत काढनार न्हाई असं वाटलं. ती म्हनाली, माफ केलं असं म्हनवत न्हाई. पन आलास, ते लक्षात ठेवीन."

एस्तेरनं त्यावर विश्वास ठेवला नाही. संध्याकाळी ग्रेसला फोन लावला.

"आला होता," ग्रेस म्हणाली. "घामानं निथळत होता नुसता. पण तू का चौकशी करतेस?"

"...असंच."

"असंच?" पलीकडे हसू फुटलं. "अगं बाई! एस्तेर, तू आणि तो?"

"मी काहीही म्हटलेलं नाही."

"तेच तर." मग ग्रेसचं हसू ओसरलं. "तुझं तू बघ. मला काय वाटतं ते मलाच अजून कळायचंय."

पाचव्या शनिवारी गिदोन रिकाम्या हातानं आला. टेबलाच्या कडेवर बोटं ठेवून उभा राहिला. "तुमची हरकत नसंल तर..."

"तो शब्द तुम्ही वापरू नका!"

"बरं. मला तुमी आवडता. लग्न कराल का?"

बाहेरची ट्रॉली जाईपर्यंत ती थांबली. "नीट ऐका. तुम्ही सुधारलात म्हणून शेवटच्या प्रकरणात मी बक्षिसासारखी मिळणार नाही."

"सुधारलो म्हनून न्हाई मागत. तुमी पुस्तकं आपटता, म्हनून मागतो."

"...नावं त्याच चर्चमध्ये वाचली जातील. तुम्ही पहिल्या बाकावर बसायचं, ग्रेस बसली होती तिथं. आणि साळूबाईंना आमंत्रण तुम्ही स्वतः द्यायचं."

"च्या न्हाई मिळनार."

"भेळ खाऊन जा."

तो दारापर्यंत गेला, वळला. "हे होय हाय का न्हाई?"

"तिसऱ्या रविवारी काय होतं ते मी पाहिलंय," एस्तेर म्हणाली. बोटं मात्र टेबलावर पेटीच्या पट्ट्या शोधत होती. "...होय आहे."

गिदोन संगमनेरला जाऊन साळूबाईंना आमंत्रण देऊन आला; चहा मिळाला नाही. पहिल्या रविवारी तो पहिल्या बाकावर बसला. मागून त्याचे कान लालबुंद दिसत होते. नावं वाचली गेली, कुणी बोललं नाही.

दुसऱ्या रविवारी पाळक नेहमीपेक्षा जास्त थांबले. एस्तेरनं पेटीवर बसून सात श्वास मोजले. मागच्या बाकावरच्या दोघी कुजबुजल्या. गिदोन बसून राहिला.

तिसरा रविवार उद्या आहे. आज, शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला, पाळकांचा निरोप वाचनालयात आला. साळूबाईंचा फोन होता: त्या आणि ग्रेस सकाळच्या पहिल्या एसटीनं निघणार आहेत, पहिल्या बाकावर, गिदोनच्या शेजारी, दोन जागा ठेवाव्यात. हरकत घ्यायला येणार की आशीर्वाद द्यायला, ते त्यांनी सांगितलेलं नाही. आज जादा पाळी होती म्हणून गिदोन सुप्यातच होता; एस्तेरनं फोन करून ते त्याला कळवलं. तो म्हणाला, जागा मीच धरून ठेवतो.